मास्टर्सला जर्मनीत यायच्या आधी नोकरी करावी का?

तू विचारलंयस की मेकॅनिकलची डिग्री झालीये, नोकरीची ऑफर पण आलीये, तर दोन वर्षं नोकरी करू की सरळ जर्मनीला मास्टर्सला येऊ. मी तीन वर्षं प्लांटमध्ये काढून मग आले, म्हणून नीट सांगते.

नोकरी कर, पण तुझ्या विषयातली असेल तरच. पैशाचा फायदा तर आहेच, ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, सध्या वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात आणि इथे आल्यावर त्यातले महिन्याला 992 हातात येतात, माझ्या वेळी आकडा कमी होता पण निम्मे पैसे माझ्या पगारातले होते, बाबांवर तेवढा भार कमी पडला. पण खरा उपयोग झाला तो वेर्कश्टुडेंटचा, म्हणजे शिकता शिकता कंपनीत करायचा पार्ट-टाइम जॉब शोधताना. इंटरव्ह्यूत विचारलं, मशीन बंद पडली तर काय करायचीस? मी रात्रपाळीतला किस्सा सांगितला, हायड्रॉलिक प्रेसचं सील सारखं जात होतं, आम्ही आठवडाभर सीलच बदलत बसलो आणि शेवटी तेलात बारीक कचरा सापडला. पुढचा अर्धा तास त्यावरच बोलणं झालं, जॉब मिळाला. माझ्यापेक्षा जास्त मार्कांची फ्रेशर मुलं तेव्हा नुसते अर्ज करत होती.

आता तोटे. अभ्यासाची सवय पार मोडते. पहिल्या सेमिस्टरला सरांनी फळ्यावर डिफरन्शियल इक्वेशन मांडलं आणि मला पहिली ओळ सुचेना, त्या विषयात मी नापास झाले, खूप रडले होते. दुसरं म्हणजे अनुभवाने बॅचलर्सचे मार्क वाढत नाहीत, की कमी पडणारे क्रेडिट्स भरून निघत नाहीत. रेकमेंडेशन लेटर तर कॉलेज सोडतानाच घेऊन ठेव, तीन वर्षांनी मी गेले तर मॅडमना माझं नावसुद्धा आठवत नव्हतं. आणि वयाकडे लक्ष ठेव, तिशीनंतर विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी हेल्थ इन्शुरन्स मिळत नाही, तुला अजून वेळ आहे पण दोनाची पाच वर्षं कधी होतात कळत नाही गं, पगाराची सवय लागते.

एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे जर्मनीसाठी आपली डिग्री तपासून मिळणारा दाखला, नोकरी करता करता काढून टाक, ते एक्स्पायर होत नाही, इंग्लिशचं आयईएलटीएस मात्र दोनच वर्षं चालतं म्हणून ती परीक्षा अर्जाच्या जवळ आल्यावर दे.

सगळ्यात जास्त जीव तोडून सांगते ते जर्मन भाषेचं. नोकरी सांभाळून शिकू असं मीही ठरवलं होतं, शिफ्टमुळे क्लास बुडत गेला आणि ए टू या सुरुवातीच्या पातळीवरच अडकले. इथे आल्यावर कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी वर्कशॉपमधली माणसं जर्मनच बोलतात, आणि डिग्रीनंतर नोकरी शोधायला मिळणाऱ्या 18 महिन्यांतले माझे पहिले सहा भाषेतच गेले. त्यामुळे ऑफर घेतलीस तर पहिल्या महिन्यापासून क्लास लाव, शक्यतो सकाळचा, आणि त्याच्या पुढची बी वन पातळी करूनच ये.

तुझी ऑफर शॉप फ्लोअरची आहे की डिझाइनची तेवढं कळव, दोन्हीला पुढे कोणते कोर्स जुळतात ते बघून सांगते.