पहिल्या वेळी दवाखान्यात हाल झाले, आता घरीच बाळंत होऊ का?

सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची सून, आठवा महिना लागलेला, सासूला घेऊन सल्ल्याला आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) म्हणणं एकच: "दवाखान्यात जायचं नाही." पहिल्या खेपेला तिला रात्रभर उताणं झोपवून ठेवलेलं. जवळ आपलं माणूस नाही, ओरडली की दटावणी, शेवटी पोटावर रेटा दिला आणि न सांगता खाली कापून टाके घातले. सासूची पाचही बाळंतपणं गावच्या सुईणीनं घरीच केलेली. "माझी पाच झाली, हिचंच काय अडतंय?"

तिच्यावर झालं ते चुकीचंच होतं. पोटावर रेटा देणं किंवा सरसकट प्रत्येकीला काप देणं जागतिक आरोग्य संघटनेलाही मान्य नाही. म्हणून "दवाखानाच बरा" असं सांगून तिची समजूत निघणार नव्हती. घरी काय मिळेल असं वाटतं, हे विचारलं. कळा येताना हिंडाफिरायला, उकिडवं बसायला मिळेल, सुईणआजी कंबर चोळेल, मधून नागलीची पेज पिता येईल. तब्येत ठीक असेल तर यातलं काहीच वैद्यकाच्या विरुद्ध नाही. उभं राहिल्यानं, चालल्यानं कळा उलट बऱ्या चालतात.

एक मोठा धोका बाळ बाहेर आल्यावर असतो. वार (नाळेला जोडलेला, बाळाला पोसणारा भाग) जिथून सुटते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात, आणि दिवस भरल्यावर गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त वाहत असतं. पिशवी आवळली की त्या वाहिन्या आपोआप दाबल्या जातात. ढिली राहिली, तर उपचाराविना दोन तासांत बाई हातची जाऊ शकते. कुणाची ढिली राहील हे आधी खात्रीनं सांगता येत नाही, आणि बाळंतपणं फार झाली की हा धोका वाढतो. म्हणजे सासूबाईंचं पाचवं बाळंतपण पहिल्यापेक्षा सोपं नव्हतं, ते सुखरूप पार पडलं एवढंच. दवाखान्यात बाळ जन्मल्यावर मिनिटभरात मांडीत पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं.

त्यात हिचं हिमोग्लोबिन ८.६. धडधाकट बाई सोसेल तेवढा रक्तस्राव हिला सोसला नसता.

पुढच्या वेळी सुईणआजींनाही बोलावलं. वार अडली तर काय करता? "वेणी तोंडात कोंबते, उबळ आली की नाळ ओढते." पिशवी आवळलेली नसताना नाळ ओढली तर पिशवीच उलटून बाहेर येऊ शकते, हे कापडी पिशवीचा तळ आतून ओढून दाखवलं. आजी गप्प झाल्या. कळा वाढाव्यात म्हणून घरी कुणाकडून सुई टोचून घेणं तर याहून घातक. इंजेक्शन तेच ऑक्सिटोसिनचं, पण बाळ पोटात असताना अंदाजानं दिलं तर बाळ गुदमरू शकतं, पिशवी फाटू शकते.

परदेशात घरी होतातच की, असं तिचा नवरा म्हणाला. होतात. पण इंग्लंडमधली मिडवाइफ रीतसर शिकलेली असते, इंजेक्शन आणि ऑक्सिजन बरोबर नेते, जोखमीची बाई घरी घेत नाही. तरीही तिथल्या २०११च्या मोठ्या अभ्यासात घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के आणि आधी बाळंत झालेल्यांपैकी १२ टक्के जणींना दवाखान्यात हलवावं लागलं. तिथून रस्ता चांगला आहे. या पाड्याचा ओढा पावसाळ्यात तासन्‌तास अडवतो.

मग असं ठरलं. शिरेतून लोहाचं औषध, तारखेच्या आठवडाभर आधी आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात (लांबच्या गरोदर बायकांना तारखेआधी राहायची सरकारी सोय) मुक्काम, १०८ आणि आशाताईंचा नंबर दोन मोबाइलवर. सोबतीण म्हणून सुईणआजी. सरकारी दवाखान्यात प्रसूतीवेळी सोबत बाई ठेवायला २०१६ पासून केंद्राची परवानगी आहे: शक्यतो स्वतः बाळंत झालेली, संसर्गाचा आजार नसलेली, शेवटपर्यंत थांबणारी. हे आशाताईंनी सिस्टरांना आधीच कळवून ठेवलं, कारण ऐन वेळी दारात वाद घालून उपयोग नसतो. "विचारल्याशिवाय काप देऊ नका, पोट दाबू नका" हे सिस्टरांशी बोलायची तालीमही तिच्याकडून दोनदा करून घेतली.

वाटेतच बाळ आलं तर? कोरडं पुसून उघड्या छातीवर ठेवायचं, वरून दोघांना पांघरायचं, अंगाला लावायचं. नाळ ओढायची नाही, गाडी येईपर्यंत कापायचीही नाही. खालचा कपडा पाच मिनिटांत भिजला तर वार पडायची वाट न बघता निघायचं.

तिला माहेरघरातच कळा लागल्या. प्रसूतिगृहाच्या दारात आजींना अडवलंच, आशाताईंनी आत फोन लावल्यावर सोडलं. मुलगी झाली, वजन २ किलो ७०० ग्रॅम. काप नाही, थोडं फाटलं, दोन टाके पडले, सुन्न करून. वार पडल्यावर सिस्टरांनी आजींचा हात धरून बेंबीखाली ठेवला. पिशवी नारळासारखी टणक लागायला हवी, मऊ लागली की गोल चोळायची आणि हाक मारायची. पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी आजी चाचपून बघत होत्या.