प्रतीकाचा अर्थ संहितेतच शोधावा
प्रवेश परीक्षेसाठी ‘अमुक रंग म्हणजे अमुक भावना’ अशी कोष्टके पाठ करू नयेत, कारण प्रतीकाला अर्थ येतो तो त्या कलाकृतीतील पुनरावृत्तीतून आणि बदलत्या संदर्भातून. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ या नाटकाच्या दुसऱ्या अंकात, राजाच्या खुनानंतर, थोड्याशा पाण्याने हे कृत्य धुऊन निघेल, असे पतीला सांगणारी लेडी मॅकबेथ पाचव्या अंकात झोपेत चालताना हातांवर नसलेला रक्ताचा डाग पुसत राहते, मला तर हा साऱ्या नाटकातील सर्वांत करुण क्षण वाटतो. उत्तरात हे दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी मांडावेत. तिला ‘दुष्ट’ म्हणून मोकळे न होता, ती जागेपणी काय बोलते आणि भान हरपल्यावर काय उघड करते, यांतील अंतर तिच्याच शब्दांच्या आधारे दाखवावे.