ऐकणारे पण बोलताना अडकणारे लोरा मॉड्यूल

प्रश्न : जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यात आमची मोसंबीची बाग असून विहीर घरापासून सुमारे दीड किलोमीटरवर आहे. विहिरीवरची मोटर घरून चालू-बंद करता यावी, म्हणून मी आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि एसएक्स १२७६ चिपचे लोरा मॉड्यूल (दूरवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ) अशा दोन जोड्या तयार केल्या. पूर्वी एनआरएफ२४ हे दुसरे रेडिओ मॉड्यूल उनोच्या पिनांना थेट जोडून वापरले होते, तसेच हेही जोडले. मॉड्यूल ओळखले जाते, परंतु संदेश पाठवू लागताच ते अडकते. प्रोग्राम तीनदा बदलून पाहिला. मॉड्यूलच खराब असेल का?
– एक वाचक, ता. अंबड

उत्तर : तसे वाटत नाही. चिपच्या हेक्स (षोडशमान) ४२ या रजिस्टरमधून, म्हणजे आतल्या नोंदीच्या जागेतून, हेक्स १२ हा आकडा परत येत असेल, तर एसपीआयच्या, म्हणजे उनो व मॉड्यूल यांच्यातील संवादाच्या, तारा बरोबर लागल्या आहेत असे समजावे. अडचण विजेची दिसते. ऐकत असताना हे मॉड्यूल जेमतेम १२ मिलिअँपिअर प्रवाह घेते, पण २० डीबीएम (रेडिओच्या शक्तीचे माप) इतक्या पूर्ण शक्तीने बोलू लागताच त्याची गरज १२० मिलिअँपिअरपर्यंत जाते, उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेची मर्यादा मात्र ५० मिलिअँपिअर आहे. खात्री करायची असल्यास प्रोग्राममध्ये शक्ती २ डीबीएमपर्यंत उतरवून पाहावी. मग संदेश जाऊ लागला, तर निदान पक्के.

उपाय म्हणून मॉड्यूलला ३.३ व्होल्टचा, किमान ३०० मिलिअँपिअर झेपणारा स्वतंत्र रेग्युलेटर (दाब स्थिर ठेवणारा भाग) द्यावा, त्याचा ग्राउंड उनोच्या ग्राउंडशी जोडावा आणि मॉड्यूलच्या पिनांना अगदी लगटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक व १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक असे दोन कपॅसिटर लावावेत. ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला लावलेला कपॅसिटर जवळजवळ शोभेचाच ठरतो.

आपल्या जुन्या अनुभवाने येथे आपली दिशाभूल केली आहे. एनआरएफ२४ लाही वीज ३.३ व्होल्टचीच लागते, परंतु त्याच्या इनपुट पिना ५ व्होल्ट सहन करतात. एसएक्स १२७६ च्या पिनांना ती सवलत नाही. म्हणून उनोकडून मॉड्यूलकडे जाणाऱ्या क्लॉक, मोसी (माहिती मॉड्यूलकडे नेणारी), सिलेक्ट आणि रिसेट या प्रत्येक तारेवर १ किलोओहम व २ किलोओहम रेझिस्टरांचा विभाजक बसवून दाब ३.३ व्होल्टवर आणावा. मिसोची तार उलट दिशेची, म्हणजे मॉड्यूलकडून उनोकडे माहिती आणणारी, असल्याने तिला विभाजक लागत नाही, कारण ५ व्होल्टवर चालणारी उनोची चिप ३ व्होल्टच्या पुढचा दाब ‘एक’ म्हणून वाचते. खरे तर ३.३ व्होल्टवर चालणारा आर्डुइनोचा प्रो मिनी बोर्ड घेतला असता, तर विभाजकांची ही सारी खटपटच उरली नसती. नवी जोडी करणार असाल तर माझी पसंती त्यालाच राहील.

अँटेना न लावता संदेश कधीही पाठवू नये. पाठवणाऱ्या भागाला त्याने इजा पोहोचू शकते. वारंवारता ८६६ मेगाहर्ट्झ ठेवावी, कारण आपल्याकडे ८६५ ते ८६८ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना खुला आहे, आणि परदेशी नमुना प्रोग्राममध्ये बहुधा ९१५ हा आकडा लिहिलेला असतो. या वारंवारतेला पाव तरंगलांबीची अँटेनाची तार सुमारे ८.७ सेंटिमीटर भरते. ती स्टार्टरच्या लोखंडी पेटीत ठेवल्यास लहरी आतच कोंडतात. अँटेना पेटीबाहेर आणि शक्यतो मोसंबीच्या झाडांपेक्षा उंच असावी, कारण ओली पालवी लहरी बरीच शोषते.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. ‘बंद कर’ हा संदेश वाटेत हरवू शकतो, किंवा घरची लाईट गेल्यामुळे तो निघतच नाही. म्हणून घराकडून दर मिनिटाला ‘चालू ठेव’ असा संदेश जावा आणि सलग पाच मिनिटे तो न मिळाल्यास विहिरीकडील उनोने स्वतःच मोटर बंद करावी. मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असताना कोरडी फिरणारी मोटर जळण्याची भीती असते.