नवा एफ-१५० ७२ हजारांचा की २०२१ चा ३८ हजारांचा?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहता, दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न १,८५,००० डॉलर, मुलगी यंदा नववीत, धाकटा पाचवीत. कॅम्पिंगचा ट्रेलर घेऊन झालाय, सामान भरून तो ६,५०० पाउंडांपर्यंत जातो, आणि आता तो ओढायला फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रक हवाय. समोर दोन ऑफर आहेत. २०२५ चा नवा लॅरियट (वरचं, महागडं व्हेरिएंट) पॉवरबूस्ट हायब्रिड, ७२,००० डॉलर, ७ टक्क्यांनी ८४ महिने. नाहीतर २०२१ चा एक्सएलटी (त्याखालचं साधं व्हेरिएंट), तोच हायब्रिड, ४८,००० मैल चाललेला, ३८,००० डॉलर, ८ टक्क्यांनी ४८ महिने. दोन्हीकडे डाउनपेमेंट १०,०००.

माझं मत स्पष्ट आहे, २०२१ चा घ्या. पण का ते नीट समजून घ्या, कारण इथे ट्रकचा इतिहास आणि तुमचा पैसा एकमेकांत गुंतलेत.

हे दोन्ही ट्रक एकाच जनरेशनचे आहेत, चौदाव्या. फोर्डने ही पिढी जून २०२० मध्ये दाखवली आणि २०२१ चं मॉडेल म्हणून विकायला काढली. अॅल्युमिनियमची बॉडी त्याच्या आधीच्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासूनच आहे, तेव्हा वजन ७०० पाउंडांपर्यंत कमी झालं होतं, खालची फ्रेम मात्र स्टीलचीच. २०२१ ला खरी नवी गोष्ट आली ती पॉवरबूस्ट, ३.५ लिटरचं व्ही-६ ट्विन टर्बो इंजिन, त्याला ४७ हॉर्सपॉवरची मोटर आणि दीड किलोवॉट-अवरची छोटी बॅटरी, सगळं मिळून ४३० हॉर्सपॉवर आणि ५७० पाउंड-फूट टॉर्क. आणि त्याच्यासोबत आलं प्रो पॉवर ऑनबोर्ड, म्हणजे ट्रकच्या मागच्या बेडमध्ये (सामान ठेवायच्या उघड्या भागात) चक्क विजेचे सॉकेट, हायब्रिडला २.४ किलोवॉट स्टँडर्ड आणि ऑप्शन घेतला तर ७.२ किलोवॉट, त्यात २४० व्होल्टचा सॉकेटसुद्धा. गाडी उभी असताना इंजिन लागेल तसं आपोआप चालू-बंद होत राहतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठलं होतं तेव्हा फोर्डने इथल्या डीलर्सना हेच ट्रक गरजूंना वापरायला द्या म्हणून सांगितलं होतं. तुम्ही बेरिल चक्रीवादळानंतर, जुलै २०२४ मध्ये, बिनविजेचे दिवस काढलेत, तेव्हा आपल्या भागात २० लाखांहून जास्त ग्राहक अंधारात होते, त्यामुळे हे फीचर तुम्हाला का हवंय ते मला पुरेपूर कळतं.

मग २०२४ च्या फेसलिफ्टमध्ये काय आलं? १२ इंचाचा स्क्रीन सगळ्यांना स्टँडर्ड झाला, पुढचा चेहरा बदलला, मागचं फाटक बाजूलाही उघडेल असा ऑप्शन आला, ३.३ चं जुनं इंजिन बंद होऊन २.७ इकोबूस्ट (फोर्डचं टर्बो पेट्रोल इंजिन) बेसला आलं. छान आहे सगळं, पण पॉवरबूस्टचे ४३० हॉर्सपॉवर तेच, सॉकेट तेच. तुम्हाला ज्यासाठी ट्रक हवाय ते सगळं २०२१ मध्येच आहे. वरचे ३४,००० डॉलर तुम्ही लॅरियटची लेदर सीट, स्क्रीन आणि नवेपणासाठी मोजताय.

आता हिशोब. टेक्सासचा ६.२५ टक्के टॅक्स धरून आणि डाउनपेमेंट वजा करून नव्याचं लोन ६६,५०० होतं, हप्ता साधारण १,००४ डॉलर, सात वर्षांत नुसतं व्याज १७,८०० च्या आसपास. जुन्याचं लोन ३०,३७५, हप्ता ७४२, व्याज ५,२००. हप्त्यांची एकूण बेरीज केली तर फरक ४८,७०० डॉलर. पण मला या रकमेपेक्षा जास्त काळजी तारखांची वाटते. मुलगी चार वर्षांनी कॉलेजला जाईल, बरोबर तेव्हा जुन्या ट्रकचं लोन संपलेलं असेल, आणि नव्याचे मात्र हजार हजारचे ३६ हप्ते बाकी असतील, तिच्या कॉलेजच्या पहिल्या तीन वर्षांत. तुम्हीच लिहिलंय की तिच्या ५२९ मध्ये, म्हणजे कॉलेजसाठीच्या बचत खात्यात, फारसं काही साठलेलं नाही. शिवाय ८४ महिन्यांच्या लोनमध्ये पहिली काही वर्षं ट्रकच्या किमतीपेक्षा बाकी लोन जास्त राहण्याची शक्यता असते, मध्येच नोकरीचं काही झालं आणि विकायची वेळ आली तर खिशातून भरावे लागतात.

टॅक्सबद्दल मेव्हण्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी. एक, नव्या गाडीच्या लोनवरचं व्याज आता वर्षाला १०,००० पर्यंत वजा होतं, २०२५ ते २०२८, गाडी अमेरिकेत असेंबल झालेली हवी आणि एफ-१५० मिशिगन-मिसुरीत बनतो, तुमचं उत्पन्न २ लाखांच्या आत आहे त्यामुळे मिळेल, हे खरं आहे. पण पहिल्या वर्षीचं व्याज साडेचार हजारांच्या आत, २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये वाचतात हजाराच्याही आत, आणि ते दरवर्षी कमी होत जातं. हजार वाचवायला साडेचार हजार व्याज भरायचं नसतं. दुसरं, वहिनींच्या टिफिनच्या एलएलसीमध्ये ट्रक दाखवायचा. ते नका करू. निम्म्याहून जास्त वापर धंद्यासाठी हवा, मैलांची नोंद हवी, आणि डबे तर त्या कॅमरीतून पोचवतात.

आणि हायब्रिड पेट्रोल वाचवतो म्हणून घेऊ नका. फोर बाय फोरला सरकारी आकडा गॅलनला २४ मैल, २.७ इकोबूस्टला २१. वर्षाला १२,००० मैल आणि ३ डॉलरचा भाव धरला तर २१५ डॉलर वाचतात. घ्यायचा तो विजेसाठी, आणि त्यातही घरचं सेंट्रल एसी त्यावर चालेल असं धरू नका, फ्रिज, पंखे, एखादा खिडकीचा एसी एवढं निघेल. जोडणी मात्र लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच, ट्रान्सफर स्विच लावून.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. डीलर टोइंगचा आकडा सांगतो, १२,००० पाउंड वगैरे, पण तुमचं गणित अडेल ते पेलोडवर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. तुमच्या ट्रेलरचा हिचवर (ट्रेलर जोडायच्या हुकावर) येणारा भार साधारण ८००, तुम्ही चौघं ५५०, कूलर आणि सामान २००, झाले १,५५०. भरगच्च ऑप्शनवाल्या काही हायब्रिड लॅरियटवर हा आकडा १,५०० च्याही खाली असतो, साध्या एक्सएलटीवर सहसा जास्त. म्हणजे ७२ हजार घालूनही मुलं आणि ट्रेलर एकत्र नेणं नियमात बसणार नाही असं होऊ शकतं, आणि हे तुमच्या कुटुंबाच्या जिवाशी निगडित आहे म्हणून एवढं ताणून सांगतोय.

तेव्हा शनिवारी जाल तेव्हा आधी त्या स्टिकरचा फोटो काढा. मग व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाका, या पिढीच्या सुरुवातीच्या ट्रकांवर इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकचा रिकॉल होता, आणखीही होते, सगळे झालेत का बघा. ७.२ किलोवॉटच आहे ना ते बेडमधले सॉकेट मोजून खात्री करा, २.४ वाला निघाला तर भाव पाडा. इंजिन-गिअरबॉक्सची पाच वर्षांची वॉरंटी संपलेली किंवा संपत आलेली असणार, हायब्रिडच्या भागांची आठ वर्षं किंवा एक लाख मैल आहे, ती उरलेली लिहून घ्या. बॉडीला अपघाताची दुरुस्ती असेल तर सोडून द्या, अॅल्युमिनियमचं काम प्रत्येक गॅरेजला जमत नाही. ८ टक्क्यांच्या आधी तुमच्या क्रेडिट युनियनचा रेट विचारा. आणि स्टिकरवर १,६०० च्या खाली काही दिसलं तर हा हायब्रिडही नको, त्याच पिढीतला २.७ किंवा ३.५ इकोबूस्ट जास्त पेलोडवाला शोधा आणि विजेसाठी वेगळा इन्व्हर्टर जनरेटर घ्या, हजार-दीड हजारांत येतो. हप्त्यातले वाचलेले २६० डॉलर पहिल्या महिन्यापासूनच ५२९ ला ऑटो-डेबिट लावून टाका.