कोको बटर म्हणजे ‘कोकोचं लोणी’ का?

दापोलीच्या एका ताई घरी चॉकलेटं करून विकतात. पाकिटावर मराठीत साहित्य छापायचं आहे, तर ‘व्हाइट चॉकलेट’साठी ‘पांढरं चॉकलेट’ आणि ‘कोको बटर’साठी ‘कोकोचं लोणी’ चालेल का, असं त्यांनी विचारलंय. शिवाय पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोच नसतो म्हणतात, मग त्याला चॉकलेट तरी का म्हणायचं?

ताई, ‘लोणी’ नको. लोणी हा शब्द ‘नवनीत’वरून आलेला, ताक घुसळून काढलेलं ते लोणी. मराठीत याची सोपी खूण आहे: मागे काय उरतं ते बघायचं. लोण्यामागे ताक उरतं, तेलामागे पेंड. आता कोकोचं काय होतं बघा. बिया आंबवून, वाळवून, भाजून, टरफलं काढून वाटल्या की दाट लगदा होतो. त्याचं निम्म्याहून थोडं जास्तच वजन नुसत्या स्निग्धाचं. तो लगदा दाबयंत्रात घातला (हे यंत्र अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हान हाउटेन घराण्याचं, पेटंट १८२८चं) की फिकट पिवळं तेल गळतं आणि मागे तपकिरी पेंड राहते. त्या पेंडीची भुकटी म्हणजेच आपण दुधात घालतो ती कोको पावडर. म्हणजे हा सगळा घाण्याचा कारभार, रवीचा नव्हेच.

‘पण ते तर घट्ट असतं, तेल कसं म्हणू?’ असं तुम्ही विचाराल. अहो, थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवतो ती कशासाठी? आणि घट्ट तेलाला तर कोकणाकडे स्वतःचा शब्द आहे: मुठेल. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं आणि थिजायला लागलं की मुठीत दाबून वळायचं. मूठ अधिक तेल, मुठेल. आमच्या आजीच्या फडताळात असे गोळे असत, प्रत्येकावर चार बोटांच्या खाचा उमटलेल्या. पावसाळ्यात टाचांना भेगा पडल्या की गोळा चुलीपाशी धरायचा आणि टाचेवर घासायचा. सिंधुदुर्गाकडे, गोव्याकडे यालाच भिरंडेल म्हणतात. खोबरेल, एरंडेल, करंजेल, भिरंडेल: बी सांगा, पुढे ‘-एल’ लावा, शब्द तयार.

त्या न्यायाने ‘कोकेल’ व्हायला हवं, आणि मला तो शब्द फार आवडला होता. पण रत्नागिरीत कुणालाही म्हणून बघा, समोरचा ते कोकमाचंच समजणार. सोडून दिला. गंमत म्हणजे ही दोन तेलं खरोखरच शेजारी बसतात. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमांत चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज ५ टक्क्यांपर्यंत चालतील अशा सहा वनस्पतिजन्य स्निग्धांची यादी आहे, त्यात आपलं कोकम आहे! फरक वितळण्याचा. कोकोचं तेल ३४ अंशांच्या आसपास वितळतं म्हणून जिभेवर विरघळतं. कोकमाचं चाळिशीच्या जवळ, म्हणून ते टाचेवर टिकतं.

आता ‘चॉकलेट’. पांढऱ्या चॉकलेटमध्ये पेंडीचा भाग नसतो, तेल असतं. कोकोच्या तेलाचा उग्र वास बराचसा काढून टाकतात, त्यात साखर आणि दूध पावडर बारीक दळून घालतात, लेसिथिन (मिश्रण एकजीव ठेवणारा पदार्थ) आणि व्हॅनिला टाकतात, ऊबदार यंत्रात तासन् तास घोटतात, मग ठरावीक तापमानाला निववून साच्यात ओततात. युरोप-अमेरिकेच्या नियमांनुसार त्यात किमान २० टक्के कोको बटर आणि १४ टक्के दुधाचे घनपदार्थ लागतात. तेव्हा कोको नसतो हे अर्धंच खरं. बेकरीवाले ज्याला ‘कंपाउंड’ म्हणतात त्या स्वस्त पांढऱ्या वडीत मात्र कोको बटरच्या जागी दुसरंच वनस्पती तेल असतं. तिला चॉकलेट म्हणायला माझी जीभ वळत नाही. तशी आपली जीभ फार सोवळी नाही म्हणा. वाण्याकडे सुट्टे नसले की हातावर टेकवलेल्या लिमलेटच्या गोळीलाही आपण चॉकलेटच म्हणत आलोय.

‘पांढरं’ खुशाल लिहा. खरा रंग सायीचा असतो, पण पांढरा कांदा तरी कुठे धुतल्या धोतरासारखा असतो? फक्त ‘चॉकलेटी’ हे विशेषण त्याला लावता येत नाही, कारण मराठीत तो रंग होऊन बसलाय.

पाकिटावर मी असं छापीन: ‘पांढरं चॉकलेट. साहित्य: साखर, कोको बटर (कोकोच्या बियांचं घट्ट तेल), दूध पावडर, लेसिथिन, व्हॅनिला.’ गिऱ्हाइकाला ‘कोको बटर’ ओळखीचं आहे, ते राहू द्या. कंसामुळे ते दुधाचं नाही हेही कळेल, आणि दूध त्यात आहे ते पुढे वेगळं लिहिलेलं आहेच.