पगार समोरच्या तालमीचा

"नोकरी चांगली आहे, पगार बरा आहे, काम माझ्याच शिक्षणाचं आहे. पण ज्यांच्या विरोधात लहानपणापासून घसा फोडला, त्यांच्याकडेच जायचं?"

कोल्हापुरात समुपदेशन करताना असे प्रश्न येतात, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. इथल्या माणसाला वाटणार नाही. शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये पाटाकडील-खंडोबा किंवा दिलबहार-प्रॅक्टिस अशा संघांची गाठ पडली की भर उन्हात गॅलरी भरते. तालीम इथं नुसता संघ नसते. गणपती तिचा, रक्तदान तिचं, मयतीला खांदाही तिचाच.

ज्याच्याबद्दल लिहितेय तो सत्तावीस वर्षांचा फिजिओथेरपिस्ट. त्याच्या परवानगीनं आणि घरचे तपशील बदलून लिहितेय. दोन्ही तालमींची नावं सांगत नाही, नाहीतर इथंच सामना सुरू व्हायचा. आजोबा तालमीचे पैलवान, वडील तालमीच्या फुटबॉल संघात, आणि हा स्वतः गुडघा दुखावेपर्यंत ज्युनिअर संघात. शिकून आला, पेठेत छोटं क्लिनिक टाकलं, भाडं जेमतेम निघायचं. हंगामाच्या तोंडावर समोरच्या तालमीचा निरोप आला: सराव आणि सामने धरून हंगामभर आमच्या संघाबरोबर राहा, महिन्याला ठरलेला पगार. स्वतःच्या तालमीत हेच काम तो चहा आणि शाबासकीवर करत होता.

त्याच्या डोक्यात आयएसएल, म्हणजे देशातली मोठी व्यावसायिक फुटबॉल लीग, होतं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे आयएसएलमध्ये गेला. मग मी फिजिओ म्हणून तिथं का पोचू नये, असा याचा सरळ हिशेब. त्यासाठी एखाद्या संघाबरोबर अख्खा हंगाम काढलेला असला तर अर्जाला वजन येतं, आणि ती संधी नेमकी नको त्या दारातून आली होती.

जिवलग मित्राला कुणकुण लागली. त्यानं एक अक्षर न लिहिता मोबाईलवर फोटो पाठवला: बार्सिलोनाच्या मैदानावर पडलेलं डुकराचं मुंडकं. फुटबॉलपटू लुईस फिगो २००० साली बार्सिलोना सोडून कट्टर प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदला गेला. २००२ मध्ये त्याच मैदानावर तो कॉर्नर घ्यायला आला, तेव्हा गॅलरीतून बाकीच्या वस्तूंबरोबर हेही आलं होतं. आमच्या पोरांचा फुटबॉलचा अभ्यास असा दांडगा! याला मात्र हसू आलं नाही. झोप उडाली, चिडचिड वाढली, आणि "मॅडम, मी गद्दार आहे का?" असं विचारत तो माझ्यासमोर बसला.

अशा वेळी शहाणी माणसं सांगतात, "अरे, धंदा वेगळा, प्रेम वेगळं." खोटं नाही ते. पण ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की आपलं दुःख खुळचट आहे. मला ते खुळचट वाटत नाही. तो खरंच काहीतरी गमावणार होता: गॅलरीतली जागा, मित्रांच्या खांद्यावरचा हात, सामन्यानंतर कट्ट्यावर बसून रात्र जागवणं. पगारानं याची भरपाई होत नाही. आधी हे कबूल करायचं आणि मगच हिशेब मांडायचा.

"पेठ काय म्हणेल" हे वाक्य तो सारखं बोलत होता. मी विचारलं, पेठ म्हणजे कोण? नावं सांग. यादी तिघांवर थांबली. वडील, तो फोटोवाला मित्र, आणि लहानपणी त्याला खेळायला शिकवलेले एक वयस्कर खेळाडू. पेठेला तोंड देता येत नाही, तिघांशी बोलता येतं. बाकीचे चार दिवस बोलतील आणि पुढच्या सामन्याच्या नादाला लागतील.

मग सगळ्यात जास्त काय खुपतंय ते विचारलं. मला वाटलं होतं वडील म्हणेल. तो म्हणाला, "टी-शर्ट. त्यांच्या रंगाचा टी-शर्ट घालून आमच्या गॅलरीसमोर बाकावर बसायचं." हेही खुळ्यासारखं नाही. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये दाखवलं होतं की विद्यापीठाचा संघ जिंकला की पुढच्या सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त घालून येतात. संघाचा कपडा माणूस अभिमानानं अंगावर चढवतो, मग तोच समोरच्याचा असेल तर कातडीला बोचणारच. मी म्हटलं, विचारून तर बघ. त्यानं विचारलं. साधा पांढरा टी-शर्ट आणि पाठीवर 'फिजिओ' एवढंच चालेल, असं उत्तर आलं. जी गोष्ट त्याची झोप खात होती ती एका फोनवर मिटली. सगळ्याच मिटत नाहीत.

खरी गाठ वेगळीच होती आणि ती त्याला स्वतःला दिसली नव्हती. त्याच्या तालमीची निम्मी पोरं त्याच्याकडे उपचार घेत. कुणाची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, वारंवार ताणते, कुणाचं गुडघ्याचं लिगामेंट अजून कच्चं आहे, कोण गोळी घेऊन उतरतो, हे सगळं त्याला पाठ. समोरच्या प्रशिक्षकानं सामन्याच्या आदल्या दिवशी सहज विचारलं, "त्यांचा तो राइट बॅक फिट आहे का रे?" तर? इथं प्रश्न तालमीच्या निष्ठेचा उरत नाही. तो रुग्णाच्या गुपिताचा होतो, आणि त्याचं उत्तर कुठल्याही संघात एकच असतं. अशी गाठ सापडली की माणसाला उलट बरं वाटतं, कारण आता कशाला नाही म्हणायचं ते ठरलेलं असतं. हो म्हणण्याआधीच ही अट सांग, असं मी सुचवलं. त्यानं सांगितली. तिथले व्यवस्थापक म्हणाले, "भावा, त्यांचे गुडघे त्यांना लखलाभ. तू आमचे नीट कर." जुन्या पेशंटांनाही त्यानं एकेकाला बोलावून विचारलं, पुढे माझ्याकडेच यायचं की दुसऱ्या कुणाचं नाव देऊ? दोघं गेले, बाकीचे राहिले.

"पण आमच्या तालमीनं गोल मारला आणि माझा हात वर गेला तर?" गेला तर गेला, मांडीखाली दाबून बस, असं मी म्हटलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. मनात कोण जिंकावं हे करारात लिहीत नाहीत. मैदानात पोरगा कोसळला की बर्फाची पिशवी घेऊन तितक्याच जोरात धावायचं, एवढं लिहितात. आनंद कुणाच्या हुकमानं होत नाही. काम करता येतं.

हार्दिक पांड्याचा विषय त्यानंच काढला. २०२४ मध्ये तो गुजरातचा संघ सोडून मुंबई इंडियन्सचा कर्णधार म्हणून परतला तेव्हा वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली गेली. त्याच वानखेडेवर त्याच वर्षी जुलैमध्ये विश्वचषकाच्या मिरवणुकीनंतर 'हार्दिक, हार्दिक' झालं. हे अर्धं उदाहरण त्याच्या लक्षात होतं, उरलेलं अर्धं मी सांगितलं. पण मध्ये विश्वचषक जिंकावा लागला होता, हेही बजावलं. फिजिओच्या नावानं गॅलरी ओरडत नसते. आणि माझं निरीक्षण असं की खेळाडू हंगामागणिक संघ बदलतात ते लोक पचवतात, चाहत्यानं बदललेलं पचवत नाहीत. खेळाडूकडून खेळाची अपेक्षा असते, चाहत्याकडून फक्त प्रेमाची.

वडिलांना बाहेरून कळण्याआधी तूच सांग, हा माझा आग्रह होता. परवानगी मागायची नाही, पगाराचा आकडा ढालीसारखा पुढे करायचा नाही, ठरवलंय म्हणून सांगायचं. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "पैसं येळेवर देत्यात का, ते आधी बघ."

मी प्रत्येकाला 'घे' म्हणत नाही. एक जण आला होता, स्वतःच्या क्लबनं डावललं म्हणून समोरच्यांकडे निघालेला. कामाबद्दल तो चकार शब्द बोलत नव्हता, "दाखवतो त्यांना" हेच पालुपद. त्याला मी सही महिनाभर लांबवायला सांगितलं. राग निवल्यावर त्या नोकरीत त्याला गोडी उरली नाही.

फिजिओनं हंगाम पूर्ण केला. दोन तालमींची गाठ पडली त्या सामन्यात त्याला दोनदा मैदानात जावं लागलं. गॅलरीतून शिव्या आल्या, त्यातल्या एक-दोन आवाजांची त्याला ओळखही पटली. शिकवणारे ते वयस्कर खेळाडू सामन्यानंतर त्याच्याकडे येऊन खांदा दाखवून गेले, दुखत होता म्हणे. मित्र अजून बोलत नाही. त्याबद्दल तो अधूनमधून येऊन बसतो, आणि पुढच्या हंगामासाठी पगार किती वाढवून मागावा हेही मलाच विचारतो, जे माझं काम नव्हे.