फौजीवर केस चालत नाही म्हणे! ताई, आधी ते वकीलपत्र बघा

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. मिस्टर आर्मीत नाईक, सुट्टी संपवून लडाखला गेले. इकडे चुलत दिरांनी सव्वा एकर उसाच्या रानाच्या वाटपाचा दावा टाकला, प्रतिवादी म्हणून सासरे, मिस्टर आणि धाकटे दीर. मिस्टरांच्या नावाचं समन्स घरी आलं ते सासऱ्यांनी सही करून घेतलं, आणि तो बॉर्डरवर आहे, त्याच्या डोक्याला ताप नको, म्हणून त्यांना कळवलंच नाही. याला दोन महिने होत आले. मिस्टरांनी जाताना ताईंच्या नावाने नोटरीचं मुखत्यारपत्र करून ठेवलंय. सासऱ्यांचे वकील म्हणतात फौजीवर केस चालतच नाही, कोर्टच थांबतं, निवांत रहा. आणि आता सासरे चुलत दिरांशी तडजोडीचं बोलायला लागलेत. ताई विचारतात की वकील म्हणतात ते खरं का, आणि मिस्टरांना आत्ता सांगू की सुट्टीवर आल्यावर. मग पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे, "वकीलपत्र तिघांचं दिलंय, मिस्टरांच्या जागी दिरांनी सही केली आहे."

ताई, सगळं या शेवटच्या ओळीवर आहे. वकीलपत्र म्हणजे हा वकील माझ्या वतीने कोर्टात उभा राहील असं पक्षकाराने सही करून दिलेला कागद. अशी पत्रं मला वरचेवर येतात आणि बहुतेकात ही गोष्ट अशीच जाता जाता लिहिलेली असते, जणू दूधवाल्याच्या वहीवर कुणी सही केली.

फौजीवर केस चालत नाही असा कुठलाही कायदा नाही. जो आहे तो १९२५ सालचा, सैनिकांच्या कोर्टकामाबद्दलचा, इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट, आणि तो आजही लागू आहे. त्याचं कलम ६ असं आहे, की सैनिक दाव्यात पक्षकार आहे, त्याला हजर राहता येत नाही, आणि त्याच्या वतीने रीतसर अधिकार दिलेलं कुणीही कोर्टात नाही, हे कोर्टाच्या लक्षात आलं किंवा कलेक्टरने तसं कळवलं, तर कोर्टाने काम थांबवायचं आणि लष्कराच्या ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याला नोटीस पाठवायची. मग त्या अधिकाऱ्याने सर्टिफिकेट दिलं की हा जवान कायद्यात सांगितलेल्या विशेष किंवा युद्धाच्या परिस्थितीत नोकरीवर आहे आणि न्यायासाठी काम पुढे ढकलणं गरजेचं आहे, तर कलम ७ प्रमाणे कोर्टाला ते ढकलावंच लागतं. सर्टिफिकेट नाही आलं तर कोर्ट पुढे जाऊ शकतं. म्हणजे थांबणं आपोआप होत नाही, कुणीतरी कोर्टाला सांगावं लागतं. खरं तर समोरचा पक्षकार सैनिक आहे आणि अशा परिस्थितीत नोकरीवर आहे असं वाटत असेल तर दावा टाकणाऱ्यानेच तसं दाव्यात लिहायला पाहिजे, कलम ४ आहे तसं, आणि चुलत दिरांना आपला भाऊ कुठे आहे हे माहीत नाही असं कोण म्हणेल? पण लिहिलं नसेल तर कोर्टाला स्वप्न पडत नाही.

आता ते "रीतसर अधिकार दिलेलं कुणीही नाही" हे शब्द परत वाचा. तुमच्या दिरांनी भावाच्या नावापुढे सही ठोकली आणि वकीलपत्र दाखल झालं, त्या क्षणी कोर्टाच्या रेकॉर्डवर तुमचे मिस्टर वकिलामार्फत हजर झाले. न्यायाधीश कशाला थांबतील? आणि ज्या वकिलांनी ते वकीलपत्र दिलं तेच तुम्हाला सांगतायत की कोर्ट थांबेल, निवांत रहा. मला राग येतो तो याचाच. पक्षकार नसताना त्याच्या नावावर दुसऱ्याची सही चालवून घ्यायची आणि वर धीर द्यायचा. वकीलपत्रावर सही पक्षकाराची लागते, नाहीतर त्याने अधिकार दिलेल्या माणसाची, आणि दिरांना असा अधिकार कुणीच दिलेला नाही. मुखत्यारपत्र तर तुमच्या नावाचं आहे.

समजा ते वकीलपत्र बाजूला निघालं, तरी कलम ६ ला अजून एक शेपूट आहे. सैनिकाचा हितसंबंध दाव्यातल्या दुसऱ्या पक्षकारासारखाच असेल आणि तो पक्षकार नीट बाजू मांडत असेल तर कोर्ट न थांबताही चालू शकतं. गावाकडच्या जमिनीच्या दाव्यात नेमकं हेच होतं, बाप आणि दोन मुलं एका बाजूला, बापाचा वकील हजर, त्यामुळे कोर्ट म्हणतं की मुलाचं नुकसान काय? तुमच्याकडे मात्र सासरे तडजोडीला निघालेत. मुलाला न विचारता तडजोड करणाऱ्या बापाचं आणि मुलाचं हित एकच आहे असं म्हणता येत नाही, आणि हे कोर्टाला लेखी सांगितलं तरच त्याचा उपयोग.

मग थांबवायचं की लढायचं? दोन्ही एकदम मिळत नाही, अधिकार दिलेलं माणूस उभं केलं की थांबण्याचा हक्क जातो. बांध तुमच्या ताब्यात आहे, ऊस तुमचा उभा आहे, त्यामुळे दावा वर्षभर लांबला तर तुमचं काही बिघडत नाही असं वरवर दिसतं, पण चुलत दिरांनी मनाईचा अर्ज, म्हणजे निशाणी ५, टाकला असेल तर दावा थांबलेला असताना त्याचं काय होईल हे त्या न्यायाधीशांवर अवलंबून, मी इथे बसून छातीठोक सांगणार नाही. शिवाय घरातूनच तडजोड शिजत असताना मिस्टरांच्या नावापुढे कोर्टात कुणीच नसणं मला धोक्याचं वाटतं. तडजोडीचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, एकदा झाला की तो रद्द करायला वेगळा दावा टाकता येत नाही, त्याच कोर्टात भांडावं लागतं, आणि लोकअदालतीत झाला तर अपीलच नाही. म्हणून माझं मत, लढायचं, पण योग्य कागदावर.

तो कागद म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २८ मधलं अधिकारपत्र. नोटरीचं मुखत्यारपत्र अगदीच कुचकामी आहे असं नाही, त्यात कोर्टकामाचा उल्लेख असेल तर ते चालू शकतं, पण समोरचा वकील त्यावर दोन तारखा नक्की खाणार. ऑर्डर २८ खास फौजींसाठी आहे. ज्याला सुट्टी मिळू शकत नाही असा जवान कुणालाही आपल्या वतीने दावा लढवायचा लेखी अधिकार देऊ शकतो. त्याने सही कमांडिंग ऑफिसर म्हणजे सीओसमोर करायची, सीओने खाली प्रतिस्वाक्षरी करायची, आणि तो कागद कोर्टात दाखल झाला की सीओची सही हाच दोन्ही गोष्टींचा पुरावा, सही खरी आहे आणि सुट्टी मिळत नाही. त्यावर वाद घालायला जागा राहत नाही. मजकूर साधा असू दे, आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट, कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, मी प्रतिवादी क्रमांक अमुक, मला या कामासाठी सुट्टी मिळू शकत नाही, म्हणून माझी पत्नी हिला माझ्या वतीने दावा लढवण्याचा व वकील नेमण्याचा अधिकार देतो. त्यातच एक वाक्य घाला की याआधी माझ्या नावाने दाखल झालेल्या वकीलपत्रावर मी सही केलेली नाही. आणि तडजोड करायचा किंवा जमीन विकायचा अधिकार त्यात देऊ नका, हे मी तुमच्यावर अविश्वास म्हणून सांगत नाही ताई, उद्या घरात चार माणसं बसून "तू सही कर, संपव एकदाचं" म्हणतील तेव्हा तुम्हाला सांगता आलं पाहिजे की मला तो अधिकारच नाही. मूळ कागद स्पीड पोस्टने मागवा, फोटोवर कोर्ट चालत नाही. आणि वकील वेगळा करा, सासऱ्यांचा नको.

यावरूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, मिस्टरांना आजच सांगा. त्यांना ताप नको म्हणून लपवलं ही माया मला कळते, पण त्या मायेत दोन महिने गेले. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, कोर्ट कारण बघून ९० दिवसांपर्यंत वाढवतं, साध्या दाव्यात त्यानंतरही दंड लावून घेतात पण तो तुमचा हक्क नाही, कोर्टाची मर्जी. सैनिकाचं समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवावं असं ऑर्डर ५ नियम २८ सांगतो, त्यामुळे सासऱ्यांनी घेतलेलं समन्स ही योग्य बजावणीच नाही असा मुद्दा नवीन वकिलांनी जरूर घ्यावा, फक्त त्याच्या भरवशावर बसून राहू नये, कारण घरातल्या मोठ्या माणसाने घेतलेलं समन्स चालतं असं म्हणणाराही नियम तिथेच आहे. फोन लागेल तेव्हा रडारड नको, तीनच गोष्टी सांगा, दावा आलाय, पुढची तारीख ही आहे, तुम्ही आज सीओसाहेबांना भेटा. तुम्ही ज्या गोष्टीला लाजताय त्या गोष्टीसाठी अर्ज घेऊन युनिटच्या ऑफिसात जवान नेहमी येतात.

तारखेच्या आत कागद नाही आला तर तुम्ही स्वतः कोर्टात उभ्या रहा आणि लेखी अर्ज द्या की प्रतिवादी सैनिक आहे, लडाखला आहे, आधीच्या वकीलपत्रावर त्याची सही नाही. सोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत कलेक्टरांकडे अर्ज करा, कलम ५ प्रमाणे कलेक्टर कोर्टाला कळवू शकतात. मिस्टरांचं ठिकाण त्या कायद्यातल्या विशेष परिस्थितीत बसतं का हे युनिट सांगेल.

एक अडचण राहते. अधिकारपत्र घेऊन तुम्ही दावा लढवाल, पण मिस्टरांना स्वतःला माहीत असलेल्या गोष्टींची साक्ष तुम्ही त्यांच्या जागी देऊ शकत नाही, २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. समजा वाटप आधीच तोंडी झालं होतं आणि तेव्हा ते हजर होते, तुम्ही नव्हतात, तर ते त्यांनाच सांगावं लागणार. त्यासाठी आर्मी ॲक्टचं कलम ३२ आहे. या दाव्यासाठी सुट्टी मंजूर झालीय किंवा मागितलीय असं लष्करी अधिकाऱ्याचं सर्टिफिकेट देऊन अर्ज केला की कोर्टाने शक्य तितकं त्या सुट्टीच्या काळात काम लावायचं असतं. पण जवान घरी आल्यावर, सुट्टीचे चार दिवस उरल्यावर हा अर्ज घेऊन लोक येतात, आणि आपली कोर्टं चार दिवसांत साधी नक्कल देत नाहीत. सुट्टीचा अर्ज टाकला की लगेच सर्टिफिकेट मागा.

आणि एकतर्फी हुकूमनामा आधीच झालेला निघाला, तर १९२५ च्याच कायद्याचं कलम १० आहे, तो रद्द करायला अर्ज करता येतो, मुदत ९० दिवस, समन्स नीट बजावलं नसेल तर कळल्या दिवसापासून. तुमचा झालेला नसावा, पण ई-कोर्ट्सच्या ॲपवर दाव्याचा सीएनआर नंबर, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, टाकून आज बघून घ्या.

ज्यांचे मिस्टर अजून घरी आहेत आणि पुढच्या महिन्यात फिल्डला जाणार आहेत त्यांनी हे सगळं वाचून सोडून देऊ नका. घरात जमिनीची कुरबुर असेल तर चालू सातबारा आणि फेरफार त्यांच्यासमोर काढा. लग्नाची आणि मुलांची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्कराच्या रेकॉर्डमधली नोंद, झालीय का ते विचारा, फॅमिली पेन्शन त्या नोंदीवर हलते, ती राहिली की बाईला वर्षानुवर्षं ऑफिसांचे उंबरे झिजवावे लागतात. बँकेचा ओटीपी त्यांच्या नंबरवर जातो आणि तिकडे रेंज नसते, तेव्हा घरखर्चाचं खातं जॉइंट आणि नंबर तुमचा. मुखत्यारपत्र देणारा गेला की मुखत्यारपत्रही संपतं, त्याने नंतरची सोय होत नाही, त्यासाठी दोन साक्षीदारांसमोर साधं मृत्युपत्र करावं, आणि ते करणं अशुभ नाही.

ताई, तुम्हाला वकिलाची फी जड असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि दावा मिस्टरांच्या नावावर आहे म्हणून कुणी नाही म्हणालं तर सैनिकांच्या कुटुंबांसाठी नालसाची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, २०२५ मध्ये सुरू झालेली वीर परिवार सहायता योजना आहे तिचं नाव सांगा. जाताना त्या वकीलपत्राची आणि समन्सच्या बजावणीच्या रिपोर्टची कोर्टातून काढलेली सर्टिफाइड नक्कल घेऊन जा, नकलेचा अर्ज उद्याच टाका.